पुलाला छप्पर कशाला?

दोन वर्षांपूर्वी बाबा पहिल्यांदा आमच्याकडे न्यू हॅम्पशरला आले, ऑक्टोबर होता, झाडं लाल-पिवळी झालेली, आणि इथे पाहुणे आले की ज्या चार ठिकाणी न्यायचं ठरलेलं असतं त्यातलं एक म्हणजे कॉर्निश-विंडसरचा पूल, तर तिथे घेऊन गेले. कनेक्टिकट नदीवर साधारण ४५० फूट लांब, अख्खा लाकडाचा, वर घराला असतं तसं दोन्हीकडे उतरतं छप्पर आणि बाजूंना फळ्यांच्या भिंती. लांबून बघितलं तर कुणीतरी मोठा गोठा उचलून नदीवर आडवा ठेवलाय असं वाटतं. बाबांनी पहिला प्रश्न तोच विचारला जो सगळेच विचारतात, "अगं, पुलाला छप्पर कशाला? बर्फ पडतो म्हणून?"

मी म्हटलं, बाबा, आपण मे महिन्यात पडवीला झड का लावायचो? ते लगेच म्हणाले, भिंत भिजू नये म्हणून. मग इथेही तेच आहे, म्हटलं.

बाबांना तेवढ्यात कळलं कारण त्यांचं अर्धं आयुष्य कोकणात मातीच्या भिंती आणि लाकडी वासे पावसापासून वाचवण्यात गेलंय. पण हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की म्हटलं एकदा नीट बसून लिहावं, हे पूल उभे कसे राहतात, बांधले कुणी, आणि दीडशे वर्षं झाली तरी छोटी छोटी गावं त्यांच्यासाठी एवढा जीव का काढतात. मी काही पुलांची इंजिनिअर नाही, पण गेली पाच-सहा वर्षं सुट्टी मिळाली की हे पूल बघत फिरते, दुरुस्ती चालू असेल तर तासन् तास बघत उभी राहते, मिळेल ते वाचते.

आधी लाकूड का कुजतं ते बघू. लाकूड नुसत्या पाण्याने कुजत नाही, पाण्याखाली कायम बुडालेलं लाकूड शेकडो वर्षं टिकतं. कुजतं ते ओलं-सुकं होत राहिलेलं, कारण लाकूड खाणाऱ्या बुरशीला ओलही लागते आणि हवाही. लाकडातली ओल त्याच्या सुक्या वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली राहिली की ही बुरशी वाढूच शकत नाही. आता पूल म्हटला की शेकडो सांधे आले, खाचा आल्या, भोकं आली, पावसाचं पाणी नेमकं तिथे शिरतं आणि तिथून लवकर सुकत नाही, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त ताकद हवी तिथेच लाकूड आतून पोकळ होत जातं, वरून बघितलं तर धडधाकट दिसतं. उघडा लाकडी पूल साधारण १० ते २० वर्षांत मान टाकतो. तोच पूल झाकला की १०० वर्षं सहज, बरेचसे दीडशेच्याही पुढे गेलेत.

म्हणजे छप्पर वाटेवरच्या माणसाला भिजू नये म्हणून नाही, बर्फासाठी तर नाहीच. उलट बर्फाची गंमत अशी की थंडीत लोक घसरगाडीने प्रवास करायचे आणि पुलाच्या आत कोरडी फळी असली तर गाडी घसरायची नाही, म्हणून गावं पैसे देऊन माणसं लावायची, बाहेरचा बर्फ फावड्याने आत आणून पुलावर पसरायला. छपराने बर्फ बाहेर ठेवायचा आणि माणसाने तो आत आणायचा! छपराची कौलं म्हणजे इथे लाकडी चिपा किंवा पत्रा, आणि बाजूच्या फळ्या, हे सगळं झिजायलाच दिलेलं असतं. दर काही वर्षांनी बदलायचं, आपण शाकारणी करायचो तसं. आतला सांगाडा मात्र कोरडा राहिला पाहिजे, एवढंच त्यामागचं डोकं.

अमेरिकेत हे पहिल्यांदा केलं ते १८०५ साली फिलाडेल्फियात. स्कूलकिल नदीवर टिमथी पामर नावाच्या मॅसॅच्युसेट्सच्या कारागिराने मोठा लाकडी पूल बांधला, त्याचं नावच 'परमनंट ब्रिज' ठेवलेलं, आणि पूल बांधणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष होते जज रिचर्ड पीटर्स, त्यांनी आग्रह धरला की एवढा खर्च केलाय तर याला झाकूया. युरोपात झाकलेले पूल त्याच्या कितीतरी आधीपासून होतेच, स्वित्झर्लंडमध्ये लुत्सर्नचा तर चौदाव्या शतकातला. पण अमेरिकेत लाकूड होतं अमाप, नद्या होत्या जागोजागी, लोखंड महाग, त्यामुळे पुढच्या ७०-८० वर्षांत असे हजारो पूल झाले. आज तिथे जुने-नवे धरून आठ-नऊशेच्या आसपास उरलेत, सगळ्यात जास्त पेनसिल्व्हेनियात, आणि व्हरमाँटसारख्या चिमुकल्या राज्यात शंभरच्या आसपास.

आता सांगाडा. हा भाग किचकट वाटतो पण मुळात सोपा आहे. चार काड्या घ्या, टोकांना खिळे मारून चौकोन करा आणि बाजूने ढकला, लगेच तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि ढकला, काडी मोडेपर्यंत हलत नाही. आपल्याकडे सुतार छपराला जी कैची करतात ती हेच तत्त्व वापरते. या पुलांच्या दोन्ही बाजूंच्या भिंती म्हणजे दोन लांबलचक कैच्या उभ्या केलेल्या आहेत, रस्ता त्यांच्या मधोमध खालच्या बाजूला लटकवलेला, आणि बाहेरून दिसतात त्या फळ्या म्हणजे नुसतं अंगावर घातलेलं घोंगडं. पुलावर गाडी आली की वरचा लांब वासा दाबला जातो आणि खालचा लांब वासा ताणला जातो, मधले तिरके वासे हा भार एकमेकांकडे सरकवत सरकवत दोन्ही काठांवरच्या दगडी टेकूंपर्यंत पोचवतात. हे डोक्यात बसलं की कुठल्याही पुलात उभं राहून भार कुठून कुठे चाललाय ते बघता येतं, आणि मला तरी त्यात फार मजा येते.

लहान ओढ्यावर एकच मोठा त्रिकोण पुरतो. नदी रुंद झाली की डोकं लढवावं लागतं. थिओडोर बर नावाच्या माणसाने कैचीच्या जोडीला लाकडाची मोठी कमान घातली, पेनसिल्व्हेनिया आणि इंडियानात त्याचे पूल खूप दिसतात. पण माझा जीव आहे तो इथिएल टाऊनच्या जाळीवर. हा टाऊन आर्किटेक्ट, कनेक्टिकटचा, त्याने १८२० साली पेटंट घेतलं. त्याच्या आधीच्या पद्धतींना भलेमोठे चौकोनी वासे लागायचे आणि कुसू-खाच अचूक बसवणारे मुरलेले सुतार लागायचे. टाऊन म्हणाला काही गरज नाही, गावच्या पाण्यावर चालणाऱ्या सॉ मिलमध्ये निघतात तशा साध्या ३ इंच जाडीच्या फळ्या घ्या, एक थर उजवीकडे तिरका, दुसरा थर डावीकडे तिरका, बाजेची नवार विणल्यासारखी जाळी होते, आणि जिथे जिथे फळी फळीवरून जाते तिथे गिरमिटाने भोकं पाडून लाकडी खुंट्या ठोका. झाली कैची. एका पुलात अशा शेकडो खुंट्या असतात, एक दगा देते म्हणून पूल पडत नाही, भार शेजारचीकडे जातो. गावातले साधे सुतार आणि शेतकरी मिळून हे बांधू शकायचे. टाऊन स्वतः सगळे पूल बांधत नव्हता, तो फुटाला एक डॉलर रॉयल्टी घ्यायचा, आणि कुणी न विचारता बांधला तर फुटाला दोन.

खुंट्या ओकच्या, फळ्या बहुतेक स्प्रूसच्या. दीड-दोन इंच जाडीच्या त्या खुंट्या लाकडाच्या असल्यामुळे त्या फळीबरोबर थोड्या फुगतात, थोड्या आक्रसतात, आणि लोखंडी खिळ्यासारख्या गंजून आजूबाजूचं लाकूड खात नाहीत. मला हे पुस्तकात वाचून कळलेलं, पण कॉर्निशहून परत येताना आम्ही व्हरमाँटमधल्या एका लहान पुलावर थांबलो तेव्हा बाबांनी जे केलं त्यातून जास्त कळलं. त्यांनी आत जाऊन जाळीवरून हात फिरवला, प्रत्येक सांध्यावर चार खुंट्या होत्या, त्यातल्या एकीचं डोकं अंगठ्याने दाबून बघितलं, मग नखाने बाजूची धार चाचपली आणि म्हणाले, ही गोल नाहीये, नीट बघ, किंचित चपटी आहे, बसवताना घट्ट जावी म्हणून असेल. मग फळीवर करवतीच्या आडव्या उभ्या खुणा दाखवल्या, रंधाच मारलेला नव्हता. ही कोपऱ्यात झाकून जाणारी फळी आहे, तिला कशाला रंधा, असं म्हणाले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. गाड्या जात होत्या, एक गाडी गेली की अख्खा पूल बारीक कुरकुरायचा आणि परत गप्प.

बांधायचे कसे? नदीत लाकडाचे तात्पुरते टेकू आणि परांची उभी करायची, कैच्या आधी जवळच्या एखाद्या कुरणात आडव्या ठेवून जुळवून बघायच्या, भोकं जुळली की खुणा करून सोडवायच्या आणि नदीवर परत जोडायच्या. कॉर्निश-विंडसरचाही सांगाडा असाच विंडसरच्या बाजूच्या कुरणात जुळवलेला. १८६६ मध्ये जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर या दोघांनी तो ९००० डॉलरमध्ये बांधला, आणि त्या जागेवरचा तो चौथा पूल, आधीचे तीनही पुराने नेले. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पूल सरळ बांधायचा नाही, मधोमध किंचित उचललेला ठेवायचा, कारण परांची काढली की सांधे घट्ट बसतात आणि पूल थोडा खाली येतोच. ती उचल पुढे कमी कमी होत पूल मध्ये झुकायला लागला की समजायचं कुठेतरी लाकूड दमलंय. त्या पुलाच्या तोंडावर अजून पाटी आहे, घोडे चालवत न्या नाहीतर दोन डॉलर दंड. दुडक्या चालीने घोडे गेले की टापांचा एक ठेका धरला जातो आणि पूल त्या ठेक्यात हलायला लागतो, म्हणून. टोल तर तिथे १९४३ पर्यंत होता.

मग हे पूल मरतात कशाने? वजनाने कमी, पाण्याने जास्त, आणि तेही वरून पडणाऱ्या पाण्याने नाही. २८ ऑगस्ट २०११ ला आयरीन वादळाचा पाऊस व्हरमाँटवर पडला, आणि बार्टन्सव्हिल नावाच्या वाडीतला १८७० सालचा जाळीचा पूल विल्यम्स नदीत गेला. तो पडतानाचा व्हिडिओ जगभर फिरला. त्यात नीट बघितलं तर लाकूड आधी मोडत नाही, पुराने काठावरच्या दगडी टेकूखालची माती खरवडून नेली, पूल एका बाजूने बसला आणि मग अख्खाच्या अख्खा घरासारखा पाण्यावर निघाला. त्याच दिवशी न्यूयॉर्क राज्यात ब्लेनहाइमचा १८५५ सालचा पूल गेला, निकोलस पॉवर्सने बांधलेला, २१० फुटांचा गाळा मध्ये एकही खांब न घालता पार करणारा. तो तुकडे होऊन वाहून गेला. म्हणून जे लोक फक्त लाकडाची काळजी घेतात आणि खालच्या दगडाकडे बघत नाहीत त्यांचा पूल एका रात्रीत जातो.

दुसरं कारण आग. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड, खालून वारा, वरून धुराडं होईल असं छप्पर, एक माथेफिरू पुरतो. इंडियानात पार्क काउंटीत असे ३१ पूल आहेत, तिथला ब्रिजटनचा १८६८ चा पूल २००५ च्या एप्रिलमध्ये कुणीतरी जाळला. लोकांनी हात टेकले नाहीत, २००६ मध्ये तिथेच लाकडाचाच नवा उभा केला. आणि तिसरं कारण आजचं, ट्रक. जीपीएस सांगतं म्हणून उंच डब्याचा भाड्याचा ट्रक घेऊन लोक आत घुसतात आणि तोंडावरचे आडवे वासे फोडून टाकतात. हे वासे नुसते शोभेचे नसतात, दोन्ही कैच्या वाऱ्यात एकमेकींवर पडू नयेत म्हणून त्यांना वरून धरून ठेवणारे असतात, त्यामुळे एक ट्रक आत घुसला की महिनाभर पूल बंद आणि शाळेची बस दहा मैल फिरून.

दुरुस्तीवरून इथे भांडणं होतात आणि ती व्हायलाच हवीत असं मला वाटतं. एक बाजू म्हणते खालून लोखंडी गर्डर घाला, वर जुना पूल राहू दे. तसे बरेच केलेत. दिसायला तोच, पण मग त्या कैच्या काहीच काम करत नाहीत, नुसत्या उभ्या. मला ते बघवत नाही. दुसरी बाजू म्हणते जेवढं कुजलंय तेवढंच कापा, तसंच लाकूड तशाच सांध्याने जोडा. ते वेळखाऊ आणि महाग. मधला रस्ताही आहे. कॉर्निश-विंडसरची १९८९ मध्ये संपलेली मोठी दुरुस्ती झाली तेव्हा ताण सहन करणारे खालचे लांब वासे पातळ पट्ट्या चिकटवून केलेल्या लाकडाचे घातले, ज्याला ग्लूलॅम म्हणतात, कारण तेवढी लांब आणि निर्दोष झाडं आता मिळत नाहीत. काहींना ते अजून खटकतं. मला विचाराल तर लाकूड लाकडाचंच काम करतंय, भार अजून कैचीतूनच जातोय, तर पूल जिवंत आहे. दीडशे वर्षांत प्रत्येक पुलाचे बरेच तुकडे बदललेले असतातच, फक्त कैची खरंच भार घेतेय की नाही हे बघायचं.

हे सगळं करणारे हात मात्र फार थोडे उरले होते. मिल्टन ग्रॅटन नावाचा न्यू हॅम्पशरचा माणूस, आणि पुढे त्याचा मुलगा अर्नोल्ड, या दोघांनी कित्येक जुने पूल जागच्या जागी वाचवले. १९६९ मध्ये मिल्टनने व्हरमाँटमधल्या वुडस्टॉक गावात नवाकोरा जाळीचा पूल बांधला, सगळा जुन्या पद्धतीने, आणि काठावर तयार झालेला पूल नदीपार ओढायला क्रेन नाही आणली, बैल लावले. उभ्या रहाटासारखा एक लाकडी गडगडा असतो, त्याला दोर, बैल गोल गोल फिरणार आणि दोर इंचाइंचाने गुंडाळला जाणार. आपल्याकडे घाण्याला बैल फिरायचा, अगदी तसं. लोकांना वाटतं हा हट्ट होता. पण त्यात कारण होतं, बैल हिसका देत नाहीत, ओढ सारखी राहते, आणि एवढ्या लांब लाकडी सांगाड्याला हिसका सगळ्यात वाईट.

पैशाचं म्हणाल तर व्हरमाँटमध्ये मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावाची सभा भरते, टाउन मीटिंग, आपल्या ग्रामसभेसारखी, पण बजेट तिथे लोक स्वतः मत देऊन ठरवतात. हजार-दोन हजार वस्तीचं गाव, रस्त्याचे खड्डे आहेत, शाळा आहे, आणि त्यात पुलाचं छप्पर. १९९८ मध्ये केंद्र सरकारने खास अशा पुलांसाठी एक निधी सुरू केला, व्हरमाँटचे सिनेटर जेफर्ड्स त्याच्या मागे होते, त्यातून बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण २०१२ मध्ये ती वेगळी तरतूद बंद झाली. बार्टन्सव्हिलचं नशीब की गावाने पुलाचा विमा काढलेला होता, वर सरकारी मदत आणि लोकांची वर्गणी, आणि जानेवारी २०१३ मध्ये नवा पूल सुरू झाला, परत टाऊनचीच जाळी, परत लाकूड. ब्लेनहाइमचाही नवा २०१८ मध्ये झाला.

चीनमधली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. झेजियांग आणि फुजियान या प्रांतांत डोंगरातल्या गावांमध्ये छप्पर घातलेले लाकडी कमान-पूल आहेत, त्यांची पद्धत अगदी वेगळी, लांब ओंडके एकमेकांत विणून कमान होते. तिथे छपराचं अजून एक काम आहे, त्याचं वजन कमानीला वरून दाबून धरतं, सांधे सुटू देत नाही. आणि आत बसायला बाक, मधोमध देव्हारा, म्हणजे पूल म्हणजे गावचा पारच. सप्टेंबर २०१६ मध्ये मेरांती वादळाच्या पुराने ताइशुन भागातले असे तीन जुने पूल एकाच दिवशी वाहून नेले. त्या रात्रीपासून गावकरी नदीच्या खालच्या अंगाला गेले, चिखलातून, शेतांतून, झुडपांतून एकेक वासा शोधून खांद्यावरून परत आणायला लागले. इतके वासे परत आले की जुन्याच लाकडातून २०१७ च्या शेवटी तिन्ही पूल उभे राहिले. ही विद्या २००९ मध्ये युनेस्कोने मरणपंथाला लागलेल्या वारशाच्या यादीत घातलेली, २०२४ मध्ये त्या यादीतून काढून साध्या यादीत आणली, इतके नवे शिकणारे तयार झाले म्हणून. पण २०२२ च्या ऑगस्टमध्ये फुजियानमधला वानआन पूल जळालाच, म्हणजे धोका कुठे संपलाय असं नाही.

तर कधी इथे आलात आणि असा पूल बघायला गेलात तर छपराचा फोटो काढाच, पण आत जाऊन पुलाच्या टोकाशी खाली वाकून बघा, जिथे तो लांब वासा दगडावर टेकतो. गाड्यांच्या चाकांबरोबर माती, खडी, थंडीत रस्त्यावर टाकलेलं मीठ आत येतं, ते तिथे साठतं, ओल धरतं, आणि वर कितीही चांगलं छप्पर असलं तरी वासा खालून सडायला लागतो. बऱ्याच गावांत यासाठी कुणीतरी निवृत्त माणूस झाडू घेऊन येतो, दर वसंतात, बर्फ वितळला की. आम्ही त्या लहान पुलावरून निघत होतो तेव्हा मी गाडी सुरू करून बसले होते आणि बाबा येईनात, मागे वळून बघितलं तर ते पुलाच्या तोंडाशी उकिडवे बसलेले, हातात कुठूनतरी उचललेली फळीची चिप, आणि तुळईच्या टोकापाशी साचलेली ओली पानं आणि माती उकरून बाहेर काढत होते. मी म्हटलं, बाबा चला, अंधार होईल. "थांब गं," म्हणाले, "या बाजूचं झालंय, पलीकडचं टोक राहिलंय."